साथ : एक तळटीप

* लेखकाने इथे 'साथ' म्हटले आहे, ती दशावतारातली पेटी, मृदंग आणि झांज या तीनच वाद्यांची. पाश्चात्त्य धर्तीचा मोठा वाद्यवृंद मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये उभा केला (बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा). त्यापुढे मालवण-कुडाळकडची ही साथ लहान वाटेल, पण तिचे काम मुळीच लहान नाही. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, संवाद रंगमंचावरच सुचतात. त्यामुळे नट पुढे काय बोलणार हे साथीदारांना त्याच्या चालीवरून ओळखावे लागते. युद्ध उभे राहते तेही मृदंगाच्या बोलांवरच. प्रयोगाआधी मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापून, बोटाने कमी-जास्त करत नाद जुळवणारा वादक जवळून पाहावा. कानाची एवढी एकाग्रता क्वचितच दिसते. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रांत देवळासमोर हे खेळ रात्रभर चालतात. मुंबईचा चाकरमानी रजा काढून येतो, तो देवदर्शनाइतकाच या साथीसाठीही येतो, असे माझे ठाम मत आहे. नटांची नावे सर्वांच्या तोंडी असतात. पेटीवाल्याचे नावही पत्रिकेवर ठळक छापले जावे. — संपादक