हीट पंपातली वाफेच्या इंजिनाची झडप

हीट पंपाच्या आउटडोर युनिटमधला फोर-वे व्हॉल्व्ह उभा चिरला, तर आत सपाट बैठकीवर मागेपुढे सरकणारी एक पालथी वाटी दिसते. बैठकीला एका ओळीत तीन भोकं असतात. मधलं कॉम्प्रेसरच्या सक्शनकडे जातं, कडेची दोन घरातल्या आणि बाहेरच्या कॉइलकडे. वाटी मधल्या भोकासोबत कडेचं एक झाकते. चौथ्या नळीने आत आलेला कॉम्प्रेसरचा तापलेला गॅस उघड्या राहिलेल्या भोकातून निघतो. वाटी सरकली की घर तापवणारं यंत्र घर गार करू लागतं.

हे चित्र माझ्या ओळखीचं होतं, ते वाफेच्या इंजिनाच्या छेदचित्रांमुळे. तीच तीन भोकं, मधलं वापरलेल्या वाफेचं. तीच पालथी वाटी आणि भोवती दाबाची वाफ. तो दाबच वाटीला बैठकीवर चेपून धरतो, म्हणून ती गळत नाही. हीट पंपाच्या रूढ इतिहासात १८५२ साली कल्पना मांडणारे केल्विन असतात, त्याच दशकात एबेन्सेच्या मिठाच्या कारखान्यात यंत्र चालवणारे रिटिंगर असतात, १९३८ चं झुरिकचं नगरभवन असतं. या वाटीचं कूळ मात्र वाफेच्या इंजिनाच्या घराण्यात शोधावं लागतं.

तिचा जनक कोण? सरकत्या झडपेचं १७९९ चं पेटंट विल्यम मर्डॉकचं. पण त्याची झडप लांबलचक होती, वापरलेली वाफ तिच्या पोकळ अंगातूनच वाहायची. लीड्सच्या मॅथ्यू मरेने थोड्याच वर्षांत ती आखूड केली. हीट पंपातली वाटी आखूडच आहे, तेव्हा माझं मत मरेच्या बाजूचं. चार नळ्या मोजणारा कोणी याकोब लॉयपोल्डच्या १७२० च्या दशकातल्या ग्रंथातल्या चार वाटांच्या कॉककडे बोट दाखवेल. पण तो कॉक फिरतो आणि त्याला दाबाने घट्टपणा येत नाही. नळ्यांची संख्या जुळली म्हणून रक्त जुळत नाही. शिवाय एकोणिसाव्या शतकात बर्फाच्या कारखान्यांतले कॉम्प्रेसर वाफेची इंजिनंच फिरवत. दोन्ही यंत्रं त्याच माणसांच्या हाताखालची. झडपेची ओळख तिथूनच पुढे आली असणार.

फरक आहे तो सरकवण्यात. इंजिनात वाटी चाकाच्या आसाला जोडलेली असे. इथे छोटा सॉलेनॉइड गॅसच्याच दाबाला दिशा देतो आणि तो दाब वाटी ढकलतो. दाबात पुरेसा फरक नसेल तर वाटी मध्येच अडकते, तापलेला गॅस थेट सक्शनमध्ये शिरतो आणि कॉम्प्रेसर तापतो.

खरा धोका थंडीत. बाहेरच्या कॉइलवर साचलेला हिमथर वितळवायला वाटी उलटी सरकते आणि क्षणापूर्वी द्रवाने भरलेली घरातली कॉइल सक्शनला जोडली जाते. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह रेफ्रिजरंट मोजून सोडतो, पण या अचानक लोंढ्यावर त्याचा ताबा चालत नाही. द्रव दाबला जात नाही; तो कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर भाग तुटतात, बेअरिंगवरचं तेल धुऊन निघतं. वाफेच्या इंजिनालाही सिलिंडरात साचलेल्या पाण्याचं हेच भय होतं. म्हणून आगगाडी सुटताना ड्रायव्हर सिलिंडरचे कॉक उघडायचा आणि दोन्ही बाजूंनी पांढरे फवारे उडायचे.

हीट पंपाला द्रव असा फेकून देता येत नाही. म्हणून कॉम्प्रेसरच्या वाटेवर ॲक्युम्युलेटर नावाची टाकी बसवतात. द्रव तळाशी थांबतो, आतल्या यू आकाराच्या नळीचं वर उघडणारं तोंड फक्त गॅस ओढतं. त्या नळीच्या सर्वांत खालच्या वळणाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्यातून साचलेलं तेल थोडं थोडं कॉम्प्रेसरकडे परत जातं.