त्वचारोगांची ओळख व लोकारोग्य : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत पूर्वेस कुकडी, मीना व घोड या नद्यांची बागायती खोरी आहेत, तर पश्चिमेस सह्याद्रीचा अतिपावसाचा डोंगराळ प्रदेश आहे. या पश्चिम भागात महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती असून भातशेती व हिरडा गोळा करणे ही तेथील उपजीविकेची साधने होत. भातखाचरात राबणाऱ्यांच्या पायांना होणाऱ्या चिखल्या, तसेच खरूज, नायटा, इसब, शिबे, कोड अशा त्वचाविकारांना लोकभाषेने स्वतंत्र नावे दिली आहेत. त्वचेवरील खूण सर्वांना दिसते. तिचे नाव चुकले, तर मात्र परिणाम शरीरापुरता मर्यादित राहत नाही, रुग्णाचे समाजातील स्थानही बदलते. प्रस्तुत लेखात देवी व कुष्ठरोग या दोन रोगांच्या आधारे या ओळखीच्या इतिहासाचा विचार केला आहे.

देवी : डोळ्यांनी होणारी ओळख

भारतातील पहिले देवीप्रतिबंधक लसीकरण १४ जून १८०२ रोजी मुंबईत झाले. दख्खन व खानदेशात हे कार्य करणाऱ्यांमध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचा समावेश होतो. १८३८ मध्ये ते दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक झाले. जुन्नर परिसरातील हिवरे येथील उद्यानही त्यांच्या देखरेखीखाली होते व तेथे औषधी वनस्पतींची लागवड होत असे. त्या काळी लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर नेली जाई. त्यामुळे सुमारे आठव्या दिवशी दंडावरील फोड तपासून तो खऱ्या लशीचा आहे की साध्या जखमेचा, हे ठरवावे लागे. ही परीक्षा चुकल्यास पुढील सर्व मुले असंरक्षित राहत.

पुढे देवी निर्मूलन मोहिमेतही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. देवीचे फोड चेहरा व हातापायांवर अधिक असत. तळहात व तळपायांवरही ते उठत आणि शरीराच्या एका भागावरील सर्व फोड एकाच अवस्थेत दिसत. याउलट कांजिण्यांचे फोड छाती व पाठीवर अधिक असतात. ते टप्प्याटप्प्याने येतात, म्हणून पुरळ, पाणी भरलेले फोड व खपल्या एकाच वेळी दिसतात. कार्यकर्ते देवीच्या रुग्णाचे चित्र असलेले कार्ड घेऊन गावोगावी व बाजारांत विचारपूस करीत आणि रुग्णाची खबर देणाऱ्यास बक्षीस मिळे. भारतातील अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. या यशात लशीइतकाच सामान्य माणसाच्या डोळ्यांचा वाटा होता.

कुष्ठरोग : स्पर्शाने होणारी ओळख

कुष्ठरोगाबाबत मात्र केवळ डोळ्यांवर विसंबून भागले नाही. आयुर्वेदात ‘कुष्ठ’ या संज्ञेखाली अठरा प्रकारचे त्वचाविकार येतात. मराठीतील ‘कोड’ हा शब्दही त्याच संज्ञेपासून आला. नावांच्या या सरमिसळीमुळे अंगावर निव्वळ पांढरे डाग असणाऱ्या व्यक्तींवरही महारोगाचा कलंक लागत राहिला. १८७३ मध्ये हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू शोधला, तरी १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरुग्णांना अटक करून वेगळे ठेवण्याची तरतूद केली. अशा परिस्थितीत चट्ट्याच्या निदानावर माणसाचे स्वातंत्र्यच अवलंबून होते.

वस्तुतः भेद सोपा आहे. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो, पण त्यावरील संवेदना शाबूत असते. नायटा वर्तुळाकार पसरतो व खाजतो. शिब्यांवर बारीक कोंडा दिसतो. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट वा लालसर असतो, सहसा खाजत नाही व त्यावरील स्पर्शज्ञान कमी झालेले वा नाहीसे झालेले असते. रुग्णाने डोळे मिटावेत, तपासणाऱ्याने पेनाच्या टोकाने चट्ट्याला हलकेच स्पर्श करावा व रुग्णाने ती जागा बोटाने दाखवावी, एवढीच ही चाचणी होय. मात्र काही रुग्णांत चट्टे बधिर नसतात, म्हणून नसांची तपासणीही आवश्यक ठरते.

या ज्ञानाला लोकांपर्यंत नेण्याचे श्रेय मुख्यतः वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण प्रतिष्ठानाकडे जाते. डॉ. रा. वि. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण व उपचार ही त्रिसूत्री रुजविली. रुग्णाला दूरच्या आश्रमात नेण्याऐवजी तपासणीसाने त्याच्या घरी जावे, असा तिचा आशय होता. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर रुग्णप्रमाण दहा हजारांमागे एकापेक्षा खाली आले. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद २०१९ मध्ये वगळली गेली.

निष्कर्ष

देवीच्या बाबतीत उशिरा झालेली ओळख साथ पसरवीत असे. कुष्ठरोगात ती नसांची हानी करते आणि आलेली विकृती औषधाने भरून येत नाही. प्रमाण घटल्यावर हा धोका वाढतो, कारण रोग दुर्मीळ झाला की तपासणाऱ्याची नजरही त्याला विसरते. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात साध्या त्वचाविकारांची गर्दी असताना एखादा न खाजणारा, न दुखणारा चट्टा सहज दुर्लक्षिला जाऊ शकतो. वेदना नाही म्हणून रुग्ण दवाखान्यात जात नाही, आणि हेच या रोगाचे लक्षण आहे. म्हणूनच आशा कार्यकर्तीने उंबरठ्यावर केलेली स्पर्शचाचणी आजही तितकीच मोलाची ठरते.