सहा गाणी, एकोणीस वाजंत्री आणि एक वही

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत एक छोटेखानी ध्वनिमुद्रिका निघाली. नाव 'मार्च ऑफ द झापोटेक'. मार्च म्हणजे इथे महिना नव्हे, बँडच्या तालावर चालायची चाल. सहाच तुकडे, आणि सगळे मिळून वीस मिनिटेही भरत नाहीत. गाणी रचणारा आणि गाणारा झॅक काँडन तेव्हा जेमतेम तेविशीचा होता. वाजवणारे मात्र मेक्सिकोतल्या एका विणकरांच्या गावचे, १९ जणांचा हिमेनेस बँड.

आता गोव्यात बसून या वीस मिनिटांशी आपले काय देणे-घेणे, असे कोणी विचारील. देणे-घेणे आहे, आणि तोच या लेखाचा विषय आहे.

आधी या पोराची ओळख. काँडन हा न्यू मेक्सिको राज्यातल्या सांता फे शहराचा. लहानपणापासून ट्रंपेट वाजवणारा. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता स्वतःच्या हिमतीवर गाणी काढणाऱ्या गायकांना 'इंडी' म्हणतात, त्यांतला हा एक. स्वतःच्या चमूला त्याने नाव दिले 'बैरूत'. लेबाननच्या राजधानीशी त्याचा नात्यागोत्याचा काही संबंध नाही, पण दूरच्या गावांची ओढ त्या नावातच दिसते. २००६ साली आलेली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका 'गुलाग ऑर्केस्टार' बाल्कन देशांतल्या पितळी बँडच्या वळणाची होती. २००७ च्या 'द फ्लाइंग क्लब कप'मध्ये तो फ्रान्सकडे वळला. मग मेक्सिको. ही नवी ध्वनिमुद्रिका त्याने 'पाँपेई' या स्वतःच्याच लेबलवर काढली.

मेक्सिको त्याला परदेश खरा, पण इतिहासाचे पान मागे उलटले तर तसा नाही. सांता फे हे शहर स्पॅनिश लोकांनी १६१० च्या सुमारास वसवले. पुढे ते मेक्सिकोचे झाले. १८४६ साली अमेरिकेने मेक्सिकोवर युद्ध पुकारले, आणि १८४८ च्या तहात हा सगळा मुलूख अमेरिकेच्या पदरात पडला. म्हणजे माणसे जागच्या जागी राहिली आणि सीमा त्यांच्यावरून निघून गेली. एका रात्रीत देश बदलणे म्हणजे काय, हे गोवेकरांना आणि बेळगावकरांना निराळे समजावून सांगायला नको.

आता ते गाव. मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचे राज्य आहे. (त्याच्या स्पेलिंगात एक्स आहे. पोर्तुगीज वळणाच्या आमच्या डोळ्यांना तिथे 'श' दिसतो, पण तिथे उच्चार 'ह' असा करतात.) राजधानीचे शहरही त्याच नावाचे. शहरापासून थोड्या अंतरावर तेओतित्लान देल व्हाये हे झापोटेक लोकांचे गाव. झापोटेक ही इथली मूळची जमात. मोंते आल्बानचे डोंगरावरचे प्राचीन नगर यांनीच उभारले. स्पॅनिश लोक येण्याआधी इथे कमरेला पट्टा बांधून चालवायच्या मागावर सुती कापड विणत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेंढ्या आणल्या, लोकर आणली, पायाने चालवायचा माग आणला. गावाने तो माग उचलला आणि त्यावर स्वतःची नक्षी उतरवली. आज तेओतित्लानचे लोकरी गालिचे जगभर जातात. त्यांचा लाल रंग निवडुंगावरच्या बारीक किड्यापासून काढतात. त्याला कोचिनील म्हणतात. स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून चांदीच्या खालोखाल मोलाची निर्यात या रंगाची होती.

मागाची जी कथा, तीच पितळी वाद्यांची.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात कर्ण्याला चाव्या बसवायची युक्ती निघाली आणि पितळी वाद्यावर सगळे सूर वाजवता येऊ लागले. १८४६ साली आदोल्फ साक्स याने सॅक्सोफोनचे पेटंट घेतले. ही वाद्ये दणकट, उन्हापावसात टिकणारी, चालता चालता वाजवता येणारी. साहजिकच ती पलटणींची झाली, आणि पलटणी जिथे गेल्या तिथे पोचली. मेक्सिकोत बँड त्याआधीही होते, पण १८६० च्या दशकात फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनने तिथे सैन्य धाडले, १८६४ साली ऑस्ट्रियाचा राजपुत्र माक्सिमिलियन याला गादीवर बसवले, आणि फ्रेंच, ऑस्ट्रियन, बेल्जियन पलटणींबरोबर त्यांचे बँडही उतरले. या बादशहाविरुद्ध उभा राहिला तो बेनितो हुआरेस. १८०६ साली ओआहाकाच्या डोंगरातल्या गेलाताव या खेड्यात जन्मलेला, स्वतः झापोटेक. १९ जून १८६७ रोजी माक्सिमिलियनला गोळ्या घातल्या गेल्या. परक्या पलटणी गेल्या, वाद्ये आणि चाली मात्र मागे राहिल्या.

पुढच्याच वर्षी, १८६८ मध्ये, ओआहाकाच्या मासेदोनियो आल्काला याने 'दिओस नुंका मुएरे' हा वॉल्ट्झ रचला. नावाचा अर्थ, देव कधी मरत नाही. वॉल्ट्झ हा युरोपी नाचाचा ताल, पण ओआहाकाचे लोक या रचनेला आपले राज्यगीत मानून उभे राहतात. परके आपले होते ते असे. त्यासाठी सरकारी ठराव लागत नाही.

पण वाद्ये गावात आली म्हणून बँड उभा राहत नाही. तो पोसावा लागतो. ओआहाकाच्या गावांत 'तेकियो' नावाची पद्धत आहे. गावाच्या कामासाठी प्रत्येक घराने बिनमोल राबायचे. दुसरी पद्धत 'गेलागेत्सा', म्हणजे परतफेडीचे देणे. तुमच्या घरी लग्न असेल तर मी टर्की, मका, कोको आणून देणार, आणि माझ्याकडे कार्य निघाले की तुम्ही तेवढेच परत आणायचे. डोंगराळ सिएर्रा भागात बँडसुद्धा असाच चालतो. या गावचा बँड त्या गावच्या सणाला वाजवतो, ते गाव पुढे याची परतफेड करते. लग्न, सणाची मिरवणूक, मयत, काहीही असो, बँड हवाच. मयताच्या संथ चाली हे तर या बँडचे खास अंग.

आणि गेलागेत्साची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वही. तेओतित्लानमधली कुटुंबे आपले देणे-घेणे वहीत लिहून ठेवतात. कोणी काय दिले, किती दिले, कोणत्या कार्याला दिले. आईबापांचे येणे-देणे मुलांकडे जाते. कचेरीत आवक-जावक नोंदवही सांभाळण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली आहेत, त्या माझ्यासारख्या कारकुनाला ही पद्धत वाचून विलक्षण आपुलकी वाटली. नोंद झाली नाही तर देणे संपत नाही, ते फक्त विसरले जाते.

आता या पार्श्वभूमीवर ती सहा गाणी ऐका. पहिला 'एल सोकालो' हा अर्ध्या मिनिटाचा तुकडा. सोकालो म्हणजे गावचा चौक. मग 'ला योरोना'. याच नावाचे मेक्सिकोत एक प्रसिद्ध लोकगीत आहे, पण काँडनचे गाणे त्याचे स्वतःचे, निराळे. पुढे 'माय वाइफ', 'द आकारा', 'ऑन अ बायोनेट' आणि शेवटी 'द श्रू'. ट्युबा पावले मोजत चालतो, मोठा ढोल त्याला धरून राहतो आणि वर काँडनचा जडशीळ, लांबवत गाणारा आवाज. स्टुडिओत घासूनपुसून काढलेली सफाई इथे नाही. एकोणीस माणसे एकत्र फुंकतात तेव्हा सूर एका रेषेत बसत नाही, किंचित पसरतो. मला वाटते, त्या पसरण्यातच या गाण्यांचा जीव आहे. त्याच संचात 'हॉलंड' नावाची दुसरी चकती आहे. पाच गाणी, बहुतेक विजेच्या वाद्यांवर. दोन्ही लागोपाठ ऐकली की गाव म्हणजे काय ते कानाला कळते.

पाहुण्याची भाषा इंग्रजी, गावची झापोटेक, मध्ये दुवा स्पॅनिशचा. असे असता हा तरुण गावची चाल उचलून नेऊन तिच्यावर आपले नाव घालणाऱ्यांतला नव्हे. तो स्वतःची गाणी घेऊन गेला आणि तुमच्या तऱ्हेने वाजवा म्हणाला, असे त्या ध्वनिमुद्रिकेवरून दिसते. हिमेनेस बँडचे नावही लपवलेले नाही. तरीही मुख्य नाव 'बैरूत'च. जगभरच्या दुकानांत ही चकती त्याच नावाखाली मांडली गेली, आणि ऐकणाऱ्यांना आठवतो तो काँडन.

इथे गोव्याचा संबंध येतो. आपल्याकडेही पितळी वाद्ये आणि व्हायोलिन बाहेरून आली. इगर्जीच्या शाळेत मेस्ताने पोरांना सोल्फेज घोटून शिकवले. फेस्ताला, लग्नाला, मयताला बँड वाजू लागला. त्याच शिक्षणाच्या बळावर गोवेकर मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांबरोबर होते. 'अलबेला' (१९५१) मधली गाणी मराठी घरांत आजही गुणगुणली जातात. त्यांतला ट्रंपेट कोणाचा, हे किती जणांना ठाऊक? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे प्यारेलाल यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात शिष्याने त्यांचे नाव अमर केले. सारा देश ते नाव गायला, पण असा माणूस खरोखर आहे हे फार थोड्यांना माहीत होते. सेबास्तियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना केली, पण तबकडीवर वाद्यरचनाकाराचे नाव छापायची रीत नव्हती. या मंडळींची दखल घेणारी पुस्तके निघाली ती फार उशिरा. ग्रेगरी बूथ यांचे 'बिहाइंड द कर्टन' २००८ साली आले, नरेश फर्नांडिस यांचे 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' २०१२ साली. तोवर त्यांतले कितीतरी जण निघून गेले होते.

म्हणून कोणी परदेशी वाजंत्र्यांना घेऊन गाणे केले की 'हे त्याचे की त्यांचे' हा वाद घालत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. माग स्पॅनिश, वाद्य युरोपी, ताल व्हिएन्नाचा, गाव झापोटेक. शुद्ध असे कोणाकडे काय आहे? आमचे मांडे तरी कुठे शुद्ध आहेत? उसने सगळेच घेतात. विचारायचे ते एवढेच, की वहीत नोंद झाली का? या कसोटीला काँडन बराचसा उतरतो. मुंबईचे जुने सिनेमावाले उतरत नाहीत, आणि त्यांची गाणी ऐकून मोठे झालेले आपणही फारसे उतरत नाही.

मित्रहो, ही सहा गाणी मिळाली तर जरूर ऐका. आणि पुढच्या फेस्ताला बँड वाजत समोरून गेला की त्यातल्या क्लॅरिनेटवाल्याला नाव विचारा, कुठल्या मेस्ताकडे शिकलात तेही विचारा. घरी आल्यावर लिहून ठेवा.