सायकलचे हेल्मेट का घालावे आणि कसे निवडावे?

मार्च २००३ मध्ये फ्रान्समधील पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा सायकलपटू आंद्रेई किविलेव पडला. त्याने हेल्मेट घातले नव्हते. डोक्याला जबर मार लागून दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने व्यावसायिक शर्यतींत हेल्मेट सक्तीचे केले.

हेल्मेट काय करते? त्याच्या आतला थर थर्माकोलसारख्या फोमचा असतो. डोके आपटले की हा थर चेपतो आणि धक्क्याचा बराचसा जोर स्वतःवर घेतो. एकदा चेपलेला फोम पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदलावे. याच कारणाने जुने, वापरलेले हेल्मेट विकत घेऊ नये.

निवडताना हे पाहा:

• भुवयांच्या वर टेप लावून डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचे हेल्मेट घ्या.
• आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी या सुरक्षा मानकाची खूण आहे का, ते तपासा.
• हेल्मेट कपाळावर सपाट बसावे. भुवया आणि कडा यांत दोन बोटांचेच अंतर असावे.
• पट्टे कानाखाली जुळावेत. हनुवटीखाली एक-दोन बोटेच जावीत.
• पट्टा लावून मान हलवा. हेल्मेट सरकले तर माप चुकले आहे.

मुलांसाठी ‘पुढे होईल’ म्हणून मोठे हेल्मेट घेऊ नका. सैल हेल्मेट पडताना डोक्यावरून सरकते.