टेलिप्रेझेन्सद्वारे औद्योगिक सुरक्षा तपासणी

तपासनीस एका जागी असताना कॅमेरे, संवेदक आणि दूरनियंत्रित यंत्रे यांच्या आधारे दुसऱ्या जागची यंत्रसामग्री व कामाची परिस्थिती तपासण्याची पद्धत. आधी केलेले चित्रीकरण नंतर पाहणे म्हणजे ही तपासणी नव्हे. कुठे वळायचे, काय जवळून पाहायचे हे तपासनीस त्याच क्षणी ठरवतो.

या तंत्राचे मूळ अणुउद्योगात आहे. किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीआडून हाताळता यावेत म्हणून अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दूरहस्तक विकसित केले. टेलिप्रेझेन्स ही संज्ञा संगणकशास्त्रज्ञ मार्व्हिन मिन्स्की यांच्या १९८० मधील लेखामुळे रूढ झाली. अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुऊर्जा केंद्रातील अपघात (२८ मार्च १९७९) त्या वेळी ताजा होता. तेथील अणुभट्टीत जुलै १९८२ मध्ये कॅमेरा सोडला, तेव्हा गाभ्याच्या वरच्या भागात सुमारे दीड मीटरची पोकळी दिसली. नुकसान अनेकांच्या अंदाजापेक्षा कितीतरी मोठे निघाले. पुढे १९८४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा रोव्हर नावाचा यंत्रमानव तेथील दूषित तळघरात उतरवण्यात आला.

जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा केंद्रात अपघातानंतर, एप्रिल २०११ मध्ये, पॅकबॉट यंत्रमानवांनी आतील किरणोत्सार, तापमान व ऑक्सिजन मोजले. मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या इमारतीत वाफेने भिंग धूसर झाले. त्याच वर्षी क्विन्स हा जपानी यंत्रमानव केबल अडकल्याने आतच राहिला. माणसाऐवजी यंत्र गमावले, हेच या पद्धतीचे सर्वांत मोठे समर्थन.

भारतात तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील दाबनलिका दुरून तपासण्यासाठी ‘बार्सिस’ ही प्रणाली विकसित केली. श्राव्यातीत ध्वनिलहरींनी ती नलिकेच्या भिंतीची जाडी मोजते व तिच्यातील दोष शोधते. इतर उद्योगांत टाक्या, बॉयलर, चिमण्या व जहाजांच्या टाक्या यांसाठी जाळीदार पिंजऱ्यातले ड्रोन वापरतात. विषारी वायूची शक्यता असलेल्या बंदिस्त जागेत माणूस उतरवण्यावर कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ ने कडक अटी घातल्या होत्या. अशा ठिकाणी आधी कॅमेरा उतरवणे केव्हाही योग्य. ज्वलनशील वायूच्या क्षेत्रात मात्र साधा मोबाइल किंवा ड्रोन ठिणगीचे कारण ठरू शकतो. तेथे स्फोटरोधी प्रमाणित उपकरणच हवे.

कोविडच्या साथीत कामगाराच्या हातातील मोबाइल किंवा हेल्मेटवरील कॅमेऱ्याद्वारे तपासणी बरीच वाढली. तिची खरी उणीव केवळ तांत्रिक नाही. वायूचा वास, पायाखालच्या जाळीची थरथर पडद्यावर येत नाही. शिवाय कॅमेरा धरणारा बहुधा तपासल्या जाणाऱ्या कारखान्याचाच नोकर असतो. व्यवस्थापक शेजारी उभा असताना कामगार पंख्याचे बिघाड किंवा बंद केलेला सेन्सर याबद्दल बोलत नाही. म्हणून यंत्राची झीज व तडे पाहण्यासाठी ही पद्धत उत्तम, तर कामाच्या पद्धतींची तपासणी प्रत्यक्ष भेटीवाचून अपुरी. दूरस्थ तपासणी करायचीच तर कॅमेऱ्याची दिशा तपासनीसाने ठरवावी, अखंड चित्रण जपावे आणि कामगारांशी बोलण्यासाठी व्यवस्थापनाच्या कानाबाहेरची वेगळी वेळ राखावी.