मोटरसायकलवरील वीज
१८३१ सालीं मायकेल फॅरडे यानें तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक हालवून वीज उत्पन्न केली. तरीहि पहिल्या मोटरसायकलींचे दिवे कार्बाइडवर पाणी ठिबकून निघणाऱ्या वायूवर जळत. पुढें डायनामो व बॅटरी आलीं. इंजिन थांबल्यावर वीज उलटी डायनामोंत वाहूं नये म्हणून ‘कट-आउट’ आला. नंतर आल्टरनेटर, रेक्टिफायर व रेग्युलेटर आले.

दिवा मंदावला कीं मालक बॅटरी बदलतो. पण नवीहि लौकरच उतरते व रात्रीं रस्त्यांत अंधार होतो. इंजिन वेगांत असतां १२ व्होल्टांच्या बॅटरीवर सुमारें १४ व्होल्ट न दिसल्यास प्रथम तारांचे जोड, मग आल्टरनेटर व शेवटीं रेक्टिफायर-रेग्युलेटर तपासावा. बॅटरी ही केवळ कोठी. ती रिकामी दिसल्यास आधीं शेताकडे पाहावें.