‘शुद्ध शाकाहारी’ पाटीतला ‘शुद्ध’ कुठून आला?

भंडारा हा भाताचा आणि तळ्यांचा जिल्हा. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीसारख्या गावात भातासोबत मासोळी, झिंगे, कोंबडी हे साधं घरचं जेवण आहे. ढिवर समाजाचं तर पोटच तळ्यावर चालतं. इथला माणूस कामासाठी नागपूरला जातो, ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी लावलेल्या भोजनालयात बसतो, वरण-भात-भाजी खातो, पैसे देतो आणि निघतो. ‘मी मटण खाणारा, मग इथं कसा जेवू?’ असा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही.

आता उलट बाजू पाहा. मटण शिजतं त्या खानावळीत भाजी-पोळीसुद्धा न खाणारे लोक आपल्या ओळखीत आहेत. कारण विचारलं तर सांगतात, ‘भांडी एकच असतात ना!’

मित्रांनो, हा ‘भांडी एकच’ शब्द नीट ऐका. ज्याला मांस आवडत नाही त्याने ते खाऊ नये, विषय संपला. प्राण्यांच्या दयेपोटी कुणी सोडलं असेल तर त्याचाही आदर आहे. पण धुतलेल्या कढईत आवडीचा किंवा दयेचा प्रश्न उरत नाही. तिथे सुरू होतो तो विटाळ. आणि विटाळाचा इतिहास आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्या चळवळीत सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. त्या चहात मांस नव्हतं. तरीही गावाला तो चालत नव्हता. म्हणजे प्रश्न कपात काय आहे हा नव्हता, कप कुणाच्या हातात आहे हा होता.

मद्रासकडे रेल्वेच्या उपाहारगृहांत ब्राह्मणांची बसायची जागाच वेगळी होती. पेरियारांच्या चळवळीनंतर १९४१ मध्ये ती पद्धत बंद झाली. तरी ‘ब्राह्मण हॉटेल’ या पाट्या टिकल्याच, आणि १९५७ मध्ये पेरियारांना मद्रासच्या मुरली कॅफेसमोर त्या पाटीविरुद्ध आंदोलन करावं लागलं. पाटीवरचा ‘ब्राह्मण’ गेला. पण त्या शब्दामागची शुद्धतेची भावना गेली का? ‘शुद्ध’ शब्द वाचताना हा प्रश्न विचारायलाच हवा.

बाबासाहेबांना हे दुखणं नेमकं ठाऊक होतं. म्हणून संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने तर हॉटेलातली भांडी वापरू न देणं हाही गुन्हा ठरवला. कायदा करणाऱ्यांनाही माहीत होतं की जात दारात अडवली तर ती कपबशीत जाऊन बसते.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेब याच्याही मुळाशी गेले. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: बौद्ध धम्माशी चाललेल्या स्पर्धेत ब्राह्मणांनी गोमांस सोडलं, गायीला पवित्र केलं, आणि गावाबाहेर राहणारे जे वाताहत झालेले लोक मेलेल्या गुरांचं मांस खात राहिले ते अस्पृश्य ठरवले गेले. म्हणजे ताट हे जात ठरवण्याचं हत्यार झालं.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. ‘मग बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडला मृतमांस सोडायला का सांगितलं?’ उत्तर त्याच भाषणात आहे. त्यांनी उष्टे तुकडे मागणं सोडायलाही सांगितलं होतं. मृत ढोरांचं मांस आणि उष्टं अन्न ही दोन्ही गुलामीची ताटं होती. तो स्वाभिमानाचा आदेश होता, शाकाहाराचा नव्हे. खालच्या जातींनी मांस-दारू सोडून वरच्यांचं अनुकरण करणं याला समाजशास्त्रज्ञ श्रीनिवास यांनी संस्कृतीकरण म्हटलं. बाबासाहेबांनी तर १९१६ च्या आपल्या निबंधातच जात पसरण्यामागे अनुकरण असतं हे दाखवलं होतं. ते आपल्याला त्याच शिडीवर चढायला कसे सांगतील?

बुद्धाचंही तसंच. भिक्खूंना मासे-मांस पूर्ण वर्ज्य करावं ही मागणी देवदत्ताने केली होती आणि बुद्धाने ती नाकारली. आपल्यासाठी मारलं गेल्याचं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तसा संशय असलेलं मांस घेऊ नये, एवढीच मर्यादा त्याने घातली. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये बाबासाहेब मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात. करुणा हे तत्त्व आहे. विटाळ हे तत्त्व नाही.

हा जुना इतिहास म्हणून सोडून देता येत नाही. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी टेबलं राखीव झाली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने ‘प्युअर व्हेज’ ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशातली वेगळी माणसं आणली. टीका झाल्यावर वेगळा गणवेश मागे घ्यावा लागला. डबा बंद, अन्न बंद, तरी आणणारा माणूस वेगळा हवा!

आणि हे कुणासाठी? २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार १५ वर्षांवरचे सुमारे ७१ टक्के भारतीय मांसाहारी आहेत, महाराष्ट्रात सुमारे ६० टक्के. बहुसंख्य लोकांच्या जेवणाचं नाव मात्र ‘नॉनव्हेज’. म्हणजे जे ‘व्हेज’ नाही ते.

शाकाहारी हॉटेल चालवणं हा मालकाचा हक्क आहे आणि तिथे जाऊन जेवणं हा आपला. मागणी एवढीच आहे की पाटीवर ‘शाकाहारी’ लिहा. त्या एका शब्दात काय मिळतं ते ग्राहकाला पूर्ण कळतं. ‘शुद्ध’ हा शब्द जेवणाबद्दल काहीच जास्त सांगत नाही, तो फक्त बाकीच्यांना अशुद्ध ठरवतो.

थोडं आपल्याकडेही पाहू. वसतिगृहात डबा उघडताना आपली मुलं झाकण अर्धंच का काढतात? भाड्याची खोली बघताना ‘आम्ही व्हेजच आहोत’ असं का सांगतात? जयंतीच्या भोजनदानात ‘सगळे जेवतील’ म्हणून साधं जेवण ठेवलं तर ती सोय आहे, ते ठीकच. पण ‘तेच चांगलं दिसतं’ म्हणून ठेवलं तर ती सोय राहत नाही, ती शरम होते. सोय ठेवा, शरम काढून टाका. मुलाला डब्याचं झाकण पूर्ण उघडायला शिकवा आणि कुणी नाक मुरडलं तर त्याला कलम १५ वाचून दाखवायलाही शिकवा.

जयभीम!